गेरूच्या रंगाची चीर

रविवार पेठेतल्या माझ्या खोलीला एकच खिडकी आहे, ती उत्तरेला आहे, आणि तेवढ्यासाठीच मी ही खोली घेतली. जिना अंधारा आहे, खाली कायम गर्दी, गाडी लावायची तर दोन गल्ल्या सोडून. पण सकाळी दहापासून साधारण बारापर्यंत त्या खिडकीतून थेट ऊन न येता जो शांत उजेड येतो ना, रंगीत खडा बघायला तोच लागतो. दुकानातल्या पिवळ्या दिव्याखाली कुठलंही माणिक पेटल्यासारखं दिसतं, त्यामुळे कोणी पुडी उघडली की माझं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, इकडे खिडकीशी या.

मी खडे तपासते. सोन्या मारुती चौकातून, लक्ष्मी रोडवरून, कधी कॅम्पातून सराफांची माणसं पुड्या घेऊन येतात, आणि घरगुती माणसंही येतात, कोणाची आजीची नथ, कोणाची सासऱ्यांची अंगठी, कोणाचा ज्योतिषांनी नुकताच सांगितलेला सव्वापाच रत्तीचा पुष्कराज. सगळ्यांचा प्रश्न एकच, खरा आहे का हो? इतक्या वर्षांनंतरही मला याचं एका शब्दात उत्तर देता येत नाही, कारण त्यात तीन वेगवेगळे प्रश्न आहेत. हा खडा मुळात कशाचा आहे, म्हणजे माणिक आहे की त्याच्यासारखीच दिसणारी दुसरी खनिजं, लाल स्पिनेल किंवा गार्नेट, की नुसती काच. तो जमिनीतून निघाला की कारखान्यात वाढवला. आणि जमिनीतून निघाला असेल तर त्यानंतर त्याच्यावर कोणी काय केलं. यातला तिसरा प्रश्न सगळ्यात अवघड, आणि या कामातली माझी सगळ्यात मोठी चूक त्याच प्रश्नावर झाली. ती सांगायची म्हणूनच लिहायला बसलेय, पण ती नीट कळायची तर आधी थोडं खड्याच्या पोटात शिरायला लागेल.

मला हे वेड लागलं ते वाघोलीला. कॉलेजात जिऑलॉजी होतं आणि सर आम्हाला नगर रोडवरच्या खडीच्या खाणी दाखवायला घेऊन गेले होते. पुण्याखालचा हा सगळा काळा कातळ म्हणजे साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, त्यात वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या आणि पुढे त्या पोकळ्यांमध्ये पाणी झिरपत झिरपत स्फटिक वाढले. सुरुंगाने फुटलेल्या एका दगडात स्टिलबाइट नावाच्या पांढुरक्या खनिजावर मोरचुदासारख्या निळ्या रंगाचा एवढासा गोळा बसला होता. कॅव्हनसाइट. हे खनिज पहिल्यांदा सापडलं अमेरिकेत ओरेगॉनला, पण जगभरचे संग्राहक ज्याच्यामागे असतात ते आपल्या वाघोलीचं. सरांनी खिशातून दहापट मोठं दाखवणारं भिंग काढून दिलं आणि मी पहिल्यांदा सगळे करतात तसंच केलं, भिंग दगडावर धरलं आणि स्वतः लांबून बघायला लागले. ते म्हणाले, तसं नाही, भिंग डोळ्याशी ने आणि मग दगड भिंगाकडे आण, दोन्ही हात एकमेकांना टेकव म्हणजे हलणार नाही. दगड हळूहळू जवळ आला आणि एका क्षणी त्या निळ्या गोळ्याच्या बारीक बारीक सुया झाल्या, एका मध्यातून सगळीकडे पसरलेल्या. मी आजही भिंग तसंच धरते.

खड्याच्या आत जे काही असतं त्याला पुस्तकात इन्क्लूजन म्हणतात, बाजारात डाग म्हणतात, जाळं म्हणतात, रेघ म्हणतात. बाजाराच्या शब्दांत थोडी नाराजी आहे, आणि ती मला कधीच पटली नाही, कारण पूर्ण स्वच्छ खडा माझ्याशी काही बोलतच नाही. स्वच्छ खडा हातात आला की मला काळजी वाटते. पोटात काहीतरी असलं की धागा मिळतो. एडुआर्ड गुबेलिन म्हणून स्विस रत्नतज्ज्ञ होते, त्यांनी जवळजवळ सगळं आयुष्य खड्यांच्या पोटातल्या याच गोष्टी बघण्यात आणि त्यांचे फोटो काढण्यात घालवलं, आणि खडा कुठल्या खडकात, कोणाच्या शेजारी वाढला हे या डागांवरून वाचता येतं हे त्यांच्यामुळे लोकांना पटलं.

कोलंबियाच्या पाचूचं उदाहरण घ्या. मायक्रोस्कोपखाली एक दातेरी कडांची छोटीशी पोकळी दिसते, तिच्यात पाणी असतं, पाण्यात एक बुडबुडा असतो आणि बुडबुड्याशेजारी एक चौकोनी दाणा. तो दाणा मिठाचा असतो. खरंच मीठ, आपल्या स्वयंपाकघरातल्या बरणीतलंच. ज्या खाऱ्या पाण्यातून तो पाचू वाढला त्याचाच एक थेंब कोट्यवधी वर्षं आत बंद आहे आणि तो गार होताना त्यातलं मीठ खाली बसलंय. पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी बराच वेळ खुर्चीवरून उठले नाही. त्यानंतर कितीतरी वर्षं तो मिठाचा दाणा दिसला की मी लगेच म्हणायचे, कोलंबिया. पुढे वाचनात आलं की अफगाणिस्तानातल्या पंजशीरच्या आणि झांबियाच्याही काही पाचूंमध्ये पाणी, बुडबुडा, दाणा असं त्रिकूट सापडतं. तेव्हा थोडं वाईट वाटलं आणि विसरून गेले. ते विसरायला नको होतं.

गोमेदाचं तर अजूनच वेगळं. साखरेचा पाक करायला ठेवला की साखर विरघळताना पाण्यात ज्या जाडसर वळ्या हलताना दिसतात, अगदी तशा वळ्या चांगल्या गोमेदाच्या पोटात असतात, फक्त त्या थांबलेल्या असतात. लोक नेमका त्याच कारणाने गोमेद परत करतात, आत ढवळल्यासारखं दिसतंय म्हणतात. अहो, तीच त्याची ओळख आहे. काचेच्या नकलेतही कधीकधी वळ्या असतात, पण तिथे गोल बुडबुडे सापडतात आणि गोमेदात त्या जागी बारीक गोलसर स्फटिक. आपल्याकडे परंपरेने खडा निर्दोष हवा असं सांगतात, ज्योतिषीही तेच सांगतात, त्या श्रद्धेबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण नैसर्गिक हवा, आत डाग नको आणि बजेट एवढंच, अशा तिन्ही गोष्टी एकदम मागितल्या की कोणीतरी कुठेतरी भट्टी पेटवणारच, हे मात्र समजून घ्यायला हवं.

भट्टीबद्दल माझ्या मनात राग नाही. माणिक आणि नीलम म्हणजे एकच खनिज, कोरंडम, ॲल्युमिनियमचं ऑक्साइड. क्रोमियम असेल तर लाल, लोह आणि टायटॅनियम जोडीने असतील तर निळं. त्याच्या पोटात बऱ्याचदा रूटाइलच्या अतिशय बारीक सुया असतात, तीन दिशांनी गेलेल्या, एकमेकींना साठ अंशात छेदणाऱ्या. त्याला रेशीम म्हणतात आणि बाजूने बारीक प्रकाशाची कांडी धरली की कळतं का म्हणतात ते, पैठणीच्या पदरावर तिरका उजेड पडावा तसं सगळं उजळतं. आता हा खडा सोळाशे अंशांच्या वर तापवला की त्या सुया विरघळतात. रूटाइल म्हणजे टायटॅनियमचंच ऑक्साइड, ते विरघळून खड्यात मिसळतं, तिथल्या लोहाशी त्याची जोडी जमते आणि खडा निळा होतो. म्हणजे ज्या रेशमामुळे तो दुधाळ दिसत होता त्याच रेशमातून त्याचा रंग येतो. श्रीलंकेत गेउडा नावाचे असे दुधाळ खडे निघतात, एकेकाळी त्यांना फारशी किंमत नव्हती, १९७० च्या दशकात थायलंडच्या व्यापाऱ्यांनी ते नेऊन तापवायला सुरुवात केली आणि नीलमचा बाजारच बदलला. तापवल्यावर रंग कायमचा राहतो, खडा नैसर्गिकच असतो. फक्त तापवलेला आहे एवढं सांगायला हवं, कारण तसाच निघालेला सुंदर रंग दुर्मिळ असतो आणि त्याची किंमत वेगळी.

पाचूला तेल पाजतात हेही जुनंच. पाचूत चिरा असतातच, त्यात हवा असली की त्या पांढऱ्या चमकतात, तेल गेलं की मिटल्यासारख्या होतात. जयपूरच्या बाजारात रंगहीन तेलही चालतं आणि जोबन नावाचं हिरवं रंगवलेलं तेलही, आणि हे दुसरं मला अजिबात मान्य नाही कारण तिथे चीर लपवण्याबरोबर रंगही उसना येतो. तेल पुढे सुकतं. पाचूची अंगठी गरम पाण्यात किंवा दुकानातल्या अल्ट्रासॉनिक मशीनमध्ये टाकू नका हे मी आलेल्या प्रत्येकाला सांगते.

जुन्या दागिन्यांबद्दल एकच सांगते. जुनं म्हणजे जमिनीतलंच असा समज असतो, पण ऑग्युस्त व्हर्नुई या फ्रेंच शास्त्रज्ञाने ज्योतीत माणिक बनवायची कृती १९०२ मध्ये जाहीर केली, म्हणजे पणजीच्या नथीतही कारखान्यातलं माणिक असू शकतं. ओळखायची खूण वाकलेल्या रेषा. जमिनीतल्या कोरंडममध्ये वाढीच्या रेषा सरळ असतात आणि कोनात वळतात, ज्योतीखाली थेंबाथेंबाने वाढलेल्या खड्यात त्या ग्रामोफोनच्या तबकडीसारख्या गोलाईत जातात.

मला राग येतो तो शिसं घातलेल्या काचेचा. साधारण २००४ पासून हे माणिक बाजारात यायला लागलं. अगदी भुसभुशीत, चिरांनी भरलेलं, दागिन्यात घालण्याच्या लायकीचं नसलेलं कोरंडम घेतात आणि त्यात शिसंयुक्त काच वितळवून भरतात. या काचेतून प्रकाश जवळपास माणकातून वाकतो तसाच वाकतो, त्यामुळे चिरा डोळ्याला दिसेनाशा होतात. आमच्या सोसायटीतल्या एका काकूंनी मुलाच्या लग्नात सुनेसाठी असली अंगठी घेतली होती, बिलावर नुसतं माणिक लिहिलेलं. मापाला सैल झाली म्हणून सोनाराकडे दिली, त्याने नेहमीप्रमाणे टाकणखार लावून फुंकणी मारली आणि खड्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा उमटल्या. काकू त्या सोनाराशी कडाकडा भांडल्या, त्याने खडा बदलला असा आळ घेतला. तो माणूस रडकुंडीला आलेला, तोच काकूंना माझ्याकडे घेऊन आला. मी खडा चिमट्यात धरून मायक्रोस्कोपखाली हळूहळू फिरवला. एका कोनात चिरेच्या आत एकदम निळी झळक आली, थोडं फिरवलं की नारिंगी, परत निळी, आणि त्याच चिरेत दाबून चपटे झालेले बुडबुडे. माणकाच्या पोटात असली निळी झळक असायचं काही कारणच नाही, ती काच आणि माणिक यांच्या सीमेवरची झळक. काकूंना बघायला लावलं. मग त्या सोनाराकडे वळून नुसतं माफ करा म्हणाल्या. खडा त्याने बदललेला नव्हता, फक्त ज्याला आगीजवळ न्यायचं नाही तो नेला होता, आणि ते त्याला सांगणारं कोणी नव्हतं. लिंबाच्या रसानेही ही काच खराब होते, म्हणजे हातात अंगठी घालून लिंबू पिळणंसुद्धा धोक्याचं. इतका मोठा फरक बिलावरच्या एका शब्दात राहून जातो.

आता माझी चूक.

एक तरुण सराफ माझ्याकडे यायचा, त्याच्या वडिलांपासूनची ओळख. एका पावसाळ्यात, गौरी-गणपतीच्या आधीच्या घाईत, तो एक माणिक घेऊन आला, तीन कॅरेटच्या आतलं, मोझांबिकच्या मॉन्टेप्युएझ भागातलं म्हणून त्याला मिळालेलं. २००९ मध्ये तिथे मोठा साठा सापडला आणि तेव्हापासून तिकडची माणकं बरीच येतात. सुंदर लाल होतं, जांभळी झाक जवळजवळ नाहीच. तो म्हणाला, रिपोर्ट नको, गिऱ्हाईक बसलंय, फक्त हीटेड की अनहीटेड एवढं तोंडी सांगा. मी मायक्रोस्कोप लावला आणि समोरच रेशीम दिसलं, अखंड, एकही सुई तुटलेली नाही, ठिपके झालेले नाहीत. तापवलेल्या खड्यात स्फटिकांभोवती ताटलीसारखी गोल चीर पडते, तशीही कुठे नव्हती. माझा आनंद मलाच आवरेना. दोन मिनिटांत मी म्हणाले, अनहीटेड आहे, रेशीम बघ कसलं आहे. त्यालाही दाखवलं.

दोन महिन्यांनी तो परत आला, बसला नाही. गिऱ्हाइकाने खडा मोठ्या लॅबला पाठवला होता आणि रिपोर्टात तापवल्याच्या खुणा आहेत असं आलं होतं. खडा परत आला, पैसे परत गेले, आणि त्या घराशी तीन पिढ्यांचा असलेला व्यवहार तुटला. तो चिडला नाही, आवाजही चढवला नाही. फक्त म्हणाला, ताई, तुम्ही बोललात म्हणून मी बोललो.

ते वाक्य मी अजून विसरलेले नाही. मी त्याच्याकडे एक दिवसासाठी तो खडा मागितला. त्याने दिला, हे त्याचं मोठेपण.

दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीशी बसले आणि या वेळी ठरवलं की रेशमाकडे बघायचंच नाही. खडा पाण्यात बुडवून, उलटा करून, कडेकडेने बघत गेले. मेखलेजवळ, म्हणजे खड्याच्या कमरेच्या कडेला, एक चीर वरपर्यंत आलेली होती. ती मला पहिल्या दिवशीही दिसली असणार, कारण ती काही लपलेली नव्हती. त्या चिरेत मातीचा डाग होता. खाणीतून निघालेल्या माणकांच्या चिरांमध्ये असा लोहाचा गंज बऱ्याचदा बसलेला असतो आणि तो पिवळसर, भाकरी करपते त्या रंगापर्यंत गेलेला असतो. हा पिवळा नव्हता. लाल होता. गेरूसारखा लाल.

वीटभट्टी बघितलीय का कधी? कच्ची वीट असते मातकट पिवळी, भाजून निघते तेव्हा लाल. मातीतल्या पिवळ्या लोहखनिजातलं पाणी आगीने निघून जातं आणि लाल खनिज उरतं. पिवळं ते गोएथाइट, लाल ते हेमटाइट, आपल्या गेरूला रंग देतं तेच. हा बदल व्हायला फार आग लागत नाही, तीनशे अंशांच्या आसपास तो सुरू होतो. आणि मोझांबिकच्या माणकांची जांभळी झाक घालवायला पुष्कळदा हजार अंशांच्या आतच तापवतात. तेवढ्यात रेशमाला काहीच होत नाही. सोळाशे अंशांना जे जळतं ते शाबूत आहे म्हणून मी निकाल दिला, आणि तीनशे अंशांना जी वीट भाजली गेली ती माझ्यासमोर कमरेच्या कडेला होती. जांभळी झाक नाही हे मी स्वतः कौतुकाने म्हणाले होते, तिथेच थांबून का नाही असं विचारायला हवं होतं.

बरं, नुसत्या लाल डागावरून तापवलंय असंही ठामपणे म्हणता येत नाही, लाल गंज जमिनीतही असू शकतो. लॅबकडे इन्फ्रारेडचं मशीन असतं, ते खड्यातल्या हायड्रोजनच्या खुणा वाचतं, माझ्याकडे ते नाही. पण लाल डाग दिसल्यावर मला एवढं तरी म्हणता आलं असतं की शंका आहे, लॅबला पाठव. त्या गिऱ्हाइकाला दोन आठवडे थांबवता आलं असतं. मी अडकले ते रेशमात, कारण ते मला ओळखीचं होतं आणि सुंदर होतं. मिठाच्या दाण्याचंही असंच झालं होतं, आणि तेव्हा कोणाचं नुकसान झालं नाही म्हणून मी त्यातून काही घेतलं नाही.

त्यानंतर मी एक वही केली. साधी, लांब, दुकानदार खर्चाला वापरतात तसली. पानावर मधोमध रेघ, डावीकडे ‘दिसलं’, उजवीकडे ‘म्हणून’, म्हणजे त्यावरून काढलेला निकाल. आधी डावीकडचं पान पूर्ण भरायचं. रेशीम अखंड. मेखलेजवळ चीर, लाल डाग. जांभळी झाक नाही. दोन गोलसर स्फटिक, भोवती चीर नाही. हे सगळं खड्याला सगळ्या बाजूंनी फिरवून, तोपर्यंत उजवीकडे एक अक्षरही लिहायचं नाही. तोंडी निकाल देणं मी बंद केलं, कितीही घाई असली तरी. सुरुवातीला गिऱ्हाइकं तुटली, ताई हल्ली फार वेळ लावतात अशी बाजारात चर्चा झाली. कधी उजवीकडे एवढंच लिहून देते की मला इथून पुढे सांगता येत नाही, लॅबला पाठवा. माणसं नाराज होतात, पैसे द्यावे की नाही या विचारात पडतात, मी त्याचे घेत नाही.

तो माणिक त्याने पुढे तापवलेला म्हणून, लॅबच्या रिपोर्टसकट विकला. मला दुसऱ्या कोणाकडून कळलं. वर्षभर तो आला नाही. मीही फोन केला नाही, काय बोलणार होते.

मागच्या महिन्यात सकाळी साडेदहाला जिन्यावर पावलं वाजली आणि तो दारात. केस थोडे पिकलेत. खिशातून पुडी काढली, घड्या उलगडल्या, आतला निळा पातळ कागद बाजूला केला आणि टेबलावर माझ्याकडे सरकवली, एक पाचू होता, चौकोनी कापलेला. मी त्याला खिडकीशी या म्हणायच्या आधीच तो खिडकीशी जाऊन उभा होता. कुठला आहे, तेल किती आहे, काहीच विचारलं नाही.

म्हणाला, बघून ठेवा ताई. घाई नाही.

तो गेल्यावर मी वही उघडली, तारीख घातली, आणि दिवा न लावता आधी भिंगच डोळ्याशी नेलं. डावीकडे पहिली ओळ लिहिली, हिरवा, किंचित निळसर. दुसरी ओळ, उजव्या कोपऱ्यात दातेरी पोकळी, आत बुडबुडा, बाजूला चौकोनी दाणा. मग खडा फिरवला.